मिनीचं १२७५ इंजिन रेससाठी बांधताना: मोजमाप, हेड आणि ट्यूनिंग

१९६४ साली मिनी कूपर एसमध्ये १२७५ सी.सी.चं ए-सिरीज इंजिन आलं तेव्हा ते ७६ बीएचपी देत होतं. आज तोच ब्लॉक नीट बांधला तर १२० च्या आसपास जातो. मात्र या इंजिनाच्या दोन मर्यादा जन्मजात आहेत आणि त्या आधी ओळखून घ्यायला हव्यात. एक, चार सिलिंडरच्या क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग आहेत. दुसरी, चार सिलिंडरना इनटेकची दोनच भोकं आहेत आणि एक्झॉस्टची तीन. पहिल्या मर्यादेमुळे इंजिन किती फिरवायचं ते ठरतं, दुसरीमुळे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कार्ब्युरेटर. पार्टची यादी यानंतरच करायची.

बोअर किती वाढवायचा

मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ७०.६१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८१.२८ मिमी. बोअर २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला की तो ७१.१२ मिमी होतो आणि इंजिन १२९० सी.सी.च्या थोडं वर जातं. बोलीत याला १२९३ म्हणतात. जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये १३०० सी.सी.चा वर्ग असतो, म्हणून हे माप सगळ्यांच्या आवडीचं. ७३.५ मिमीपर्यंत नेऊन १३८० सी.सी.सुद्धा करतात, पण तिथे भिंत पातळ होते. ब्लॉक ओतताना कोअर किंचित सरकलेला असला तर एका बाजूला धातू उरतच नाही. त्या मापाला जायचं असेल तर अल्ट्रासॉनिक गेजने प्रत्येक बोअरची भिंत चारही बाजूंनी मोजून घ्या, मगच मशीनवर चढवा. वर्गाची अट असेल तर १२९३ वरच थांबा. खरी ताकद हेडमध्ये आहे, बोअरमध्ये नाही.

होनिंग (बोअर घासून अचूक गोल करणं) करताना ब्लॉकच्या वर जाड टॉर्क प्लेट बसवून नट हेडच्याच टॉर्कला, म्हणजे ५० फूट-पाउंडला कसा. नट कसले की बोअर किंचित वाकडा होतो. प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही, आणि मग रिंग कितीही महाग असल्या तरी ब्लो-बाय होतोच, म्हणजे वायू रिंगच्या बाजूने खाली निसटतो. पिस्टन आणि बोअरमधली फट पिस्टनच्या कागदावर दिलेली असते तीच ठेवा. फोर्ज्ड पिस्टन गरम झाला की जास्त फुगतो, त्यामुळे साध्या पिस्टनच्या अंदाजाने बसवला तर आवळतो. वरच्या रिंगची गॅप साधारण १२ थाऊ. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने मोजा.

क्रँक आणि खालचा भाग

जुना क्रँक आधी क्रॅक-टेस्ट करा. बिग एंडच्या (क्रँकला कनेक्टिंग रॉड जोडतात त्या जागेच्या) कोपऱ्यातल्या गोलाईत आणि फ्लायव्हीलच्या टेपरजवळ बारीक भेग असू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ग्राइंडिंग करून घेताना ती गोलाई तशीच ठेवायला सांगा. कोपरा काटकोनात कापला गेला तर क्रँक तिथूनच तुटतो.

तीन बेअरिंगमुळे वेगात क्रँक मधोमध वाकतो आणि मधली कॅप हलते. उघडलेल्या इंजिनात मधल्या कॅपच्या बैठकीवर काळपट घासल्याच्या खुणा दिसल्या तर कारण हेच. उपाय म्हणजे मधल्या कॅपवर स्टीलचा जाड स्ट्रॅप किंवा चार बोल्टांची स्टील कॅप. कॅप बदलली की लाइन-बोअरिंग (मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत कापणं) करावंच लागतं. मेन बोल्ट ६३ फूट-पाउंड. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवीन घ्या आणि ते बनवणाऱ्याने दिलेल्या मापाने ताणा, जुन्या मॅन्युअलच्या आकड्याने नको.

बेअरिंगची फट: मेन २ ते २.५ थाऊ, बिग एंड १.५ ते २.५ थाऊ. बोअर गेज आणि मायक्रोमीटरने मोजा, फटीत दाबून मोजायच्या प्लास्टिकच्या पट्टीवर विसंबू नका. क्रँकचा एंड-फ्लोट (पुढे-मागे सरकण्याची फट) कारखान्याच्या मापाने २ ते ३ थाऊ. मिनीत क्लच दाबला की सगळा जोर थ्रस्ट वॉशरवरच येतो, तेव्हा हे माप प्रत्येक सीझनला तपासा. प्रायमरी गियरचा (क्लचकडून गियरबॉक्सकडे ताकद नेणाऱ्या गियरचा) फ्लोट ३.५ ते ६.५ थाऊ ठेवा. तो आवळला तर बुश जळतो आणि क्लच सुटत नाही.

चार पिस्टन आणि चार रॉड प्रत्येकी एक ग्रॅमच्या आत जुळवा. क्रँक, फ्लायव्हील, क्लच आणि पुढचा डॅम्पर (क्रँकची थरथर शोषणारी पुली) एकत्र बॅलन्स करून घ्या. डॅम्पर काढून हलकी पुली बसवण्याचा मोह टाळा, लांब स्ट्रोकच्या या क्रँकला त्याची गरज आहे. जुनं बिडाचं फ्लायव्हील घासून हलकं करणं जिवावर बेतू शकतं, कारण वेगात ते फुटतं. रेससाठी फ्लायव्हील स्टीलचंच हवं. ७५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटरच्या वर जातो. मूळ क्रँक असेल तर लिमिटर तिथेच लावा.

ऑइल

मिनीत इंजिन आणि गियरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. गियरच्या दातांचा चुरा थेट बेअरिंगकडे जातो. ड्रेन प्लगला जोरदार मॅग्नेट लावा, फिल्टर प्रत्येक रेसनंतर बदला आणि तो कापून आत काय अडकलंय ते बघा. जोरात वळताना ऑइल पिकअपपासून दूर सरकतं, म्हणून मधोमध येणारा पिकअप पाइप बसवा. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, जस्त भरपूर असलेलं. गरम इंजिनात, वेगात ६० पीएसआय दाब हवा. वळणावर काटा खाली झुकत असेल तर पुढचा लॅप मारू नका.

हेड

१२जी९४० या कास्टिंग नंबरचं हेड शोधा. विकत घेण्याआधी दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली पट्टी क्रॅक-टेस्ट करा, तिथे हे हेड हमखास फाटतं. इनटेक व्हॉल्व्ह ३५.६ मिमीचा पुरेसा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोठा करण्याच्या नादात हीच पट्टी आणखी पातळ होते.

पोर्ट सगळीकडून कोरून मोठा करणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक आहे. हवा अडते ती सीटच्या वर-खाली दीड सेंटीमीटरच्या पट्ट्यात. गळा व्हॉल्व्हच्या ८७ टक्के ठेवा, म्हणजे ३५.६ ला साधारण ३१ मिमी. सीट तीन कोनांत कापा: ३०, ४५, ६०. बसण्याची रुंदी इनटेकला १.२ मिमी, एक्झॉस्टला १.८ मिमी. एक्झॉस्टची उष्णता सीटमधूनच बाहेर जाते, म्हणून तिथे अरुंद सीट व्हॉल्व्ह जाळते. इनटेक पोर्टच्या शेजारून पुशरॉडचं भोक जातं. तिथली भिंत पातळ आहे, ग्राइंडर जपून चालवा. मधल्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये २ आणि ३ नंबरचा धूर एकत्र येतो, तो भाग सर्वांत तापतो.

आता कॉम्प्रेशनचा हिशेब. ७१.१२ मिमी बोअरला एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टनच्या धावेत येणारी जागा) ३२३ सी.सी. ११:१ साठी वरची एकूण जागा ३२३ भागिले १०, म्हणजे ३२.३ सी.सी. उदाहरण घ्या: दाबलेलं गॅस्केट ०.८ मिमी जाड आणि त्याचं भोक ७३ मिमी, तर ३.३५ सी.सी.; पिस्टन १० थाऊ खाली, तर १ सी.सी.; पिस्टनची वाटी ६.५, वरच्या रिंगपर्यंतची फट ०.६. बेरीज ११.४५. म्हणजे चेंबर २०.८५ सी.सी.चा हवा. हेच पिस्टन २० थाऊ खाली राहिले, तर तितक्याच चेंबरला कॉम्प्रेशन १०.७ वर येतं. म्हणून हेड कापण्याआधी चारही पिस्टन टॉपला आणून डायल गेजने मोजा.

चेंबर मोजायला जाड पर्स्पेक्सचा तुकडा, ग्रीस, ब्युरेट आणि रॉकेल पुरे. चारही चेंबर ०.२ सी.सी.च्या आत जुळवा. सर्वांत मोठ्या चेंबरला इतर तीन मिळवायचे आणि मग हेडचा तळ स्किम करायचा (पातळ थर कापायचा), हा क्रम उलटा करू नका.

कॅम

फायरिंग ऑर्डर १-३-४-२. एका इनटेक पोर्टवर १ आणि २, दुसऱ्यावर ३ आणि ४. आधी २ ओढतो, १८० अंशांनी १; तसंच आधी ३, मग ४. लांब कालावधीच्या कॅममध्ये पहिल्याचा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच दुसऱ्याचा उघडतो आणि दोघं एकाच नळातून हवा ओढतात. आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरचं मिश्रण वेगळं होतं ते यामुळे. कॅम जितका टोकाचा, तितकी ही ओढाताण जास्त आणि खालचा टॉर्क तितका कमी. छोट्या, वळणांच्या ट्रॅकला मध्यम कॅम टोकाच्या कॅमपेक्षा लॅपमध्ये वेगवान ठरतो.

साइड कव्हर नसलेल्या ब्लॉकमध्ये फॉलोअर (कॅमच्या लोबवर बसून पुशरॉड उचलणारे तुकडे) आधी खालून टाकावे लागतात, नंतर कॅम. विसरलात तर सगळं पुन्हा उघडा. नव्या कॅमवर जुने फॉलोअर कधीच वापरू नका.

टायमिंग खुणांवर सोडू नका. प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप लावून दोन्ही बाजूंनी क्रँक फिरवा, डिग्री व्हीलवरच्या दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा). मग १ नंबर इनटेकच्या कमाल लिफ्टच्या आधी आणि नंतर सारखी लिफ्ट दाखवणारे अंश वाचा आणि त्यांचा मध्य काढा. कॅमच्या कार्डवर १०६ असेल आणि तुम्हाला ११० आला, तर व्हर्नियर पुलीने ४ अंश पुढे घ्या. त्यानंतर पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा थर देऊन दोन फेऱ्या फिरवा आणि काप घेऊन मोजा. इनटेकखाली किमान ६० थाऊ, एक्झॉस्टखाली ८० थाऊ. हेड जास्त स्किम केलेलं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला लागतो का तेही याच वेळी कळतं.

पहिला स्टार्ट आणि ट्यूनिंग

प्लग काढून स्टार्टरने ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा. स्टार्ट होताच आयडलवर ठेवू नका, २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं चालवा. कॅमच्या लोबला ऑइल उडूनच मिळतं, आयडलवर पहिल्या पाच मिनिटांत लोब खाल्ला जाऊ शकतो. थंड झाल्यावर हेड पुन्हा ५० फूट-पाउंडला कसा आणि टॅपेट कॅमच्या कार्डाप्रमाणे लावा.

एका वेबर ४५ डीसीओई कार्ब्युरेटरला ३६ मिमीच्या चोकने (आतल्या अरुंद गळ्याने) सुरुवात करा. चोकच्या चौपट, म्हणजे १४५ चा मेन जेट, आणि त्यात ५० मिळवून एअर जेट हा नेहमीचा ठोकताळा. पण इथे एका बॅरलवर दोन सिलिंडर आहेत, म्हणून १६० पासून खाली या. श्रीमंत मिश्रणात (इंधन जास्त) प्लग काळा होतो, गरीब मिश्रणात (इंधन कमी) पिस्टनला भोक पडतं.

इग्निशनचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स बंद. एकूण अॅडव्हान्स आधी २६ अंशांवर ठेवून डायनोवर एकेक अंश वाढवा. बहुतेक इंजिनं २८ ते ३२ मध्ये थांबतात. टॉर्क वाढायचा थांबला की एक अंश मागे घ्या. फुल थ्रॉटलला लॅम्ब्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले पूर्ण जळणाला लागणारं प्रमाण) ०.८७ च्या आसपास हवा. भारतात ट्यून करत असाल तर एअर-फ्युएल आकड्याऐवजी लॅम्ब्डाच वाचा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जास्त इंधन लागतं, ते जुन्या रबरी नळ्याही खातं. ११:१ ला साधं पेट्रोल नको, निवडक पंपांवर १०० ऑक्टेन मिळतं.

शेवटची तपासणी प्लगवर. फुल थ्रॉटलच्या रनमध्ये क्लच दाबून इग्निशन तोडा, गाडी तशीच थांबवा आणि चारही प्लग क्रमाने मांडा. १ आणि ४ एकसारखे, २ आणि ३ एकसारखे, पण दोन जोड्यांत थोडा फरक, हे या इंजिनात स्वाभाविक आहे. जेट नेहमी चारांतल्या सर्वांत गरीब सिलिंडरसाठी लावा. पांढऱ्या पोर्सिलेनवर अॅल्युमिनियमचे चमकणारे कण दिसले तर डिटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं आपोआप पेटणं) सुरू झालंय: अॅडव्हान्स २ अंश कमी करा, जेट एक नंबर वाढवा, आणि हेड उघडून पिस्टन बघेपर्यंत ते इंजिन ट्रॅकवर नेऊ नका.