'शिंबावंत' म्हणजे फक्त डाळी नव्हेत: या चुका टाळा

मटाराची एक शेंग शिवणीवर अंगठ्याने दाबून उघडा. दोन फाका होतात, पण दाणे एकाच कडेला लागलेले असतात: एक डाव्या फाकेला, पुढचा उजव्या, मग पुन्हा डाव्या. एकाच किंजदलापासून (फुलातल्या बीजं धरणाऱ्या भागापासून) तयार झालेल्या अशा फळाला वनस्पतिशास्त्रात 'शिंबा' म्हणतात. संस्कृतात शिम्बा म्हणजे शेंग, म्हणून शिंबावंत कुल. म्हणजे नाव पडलंय ते फळावरून, वरणावरून नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो शेवगा. आपण 'शेंग' म्हणतो, पण ती सुकली की तिच्या तीन फाका होतात; ते बोंड आहे, म्हणजे एकाहून जास्त किंजदलांचं फळ, शिंबा नव्हे. मोहरीच्या शेंगेतही मधे पातळ पडदा असतो आणि बिया दोन्ही कडांना लागतात, म्हणून तीही शिंबा नव्हे. उलट चिंच शिंबावंत आहे, जरी ती आपणहून तडकत नाही. भुईमूगही तसाच. शेंगदाण्याला बदाम-काजूच्या पंगतीत बसवणाऱ्यांनी एकदा रोप उपटून बघावं: फूल वर येतं, मग फुलाच्या बुडातून निघालेल्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत पोसते. 'भुईतला मूग' म्हणणाऱ्यांनी नातं अचूक ओळखलं होतं.

'द्विदल' हा शब्दही जपून वापरा. बाजारात द्विदल म्हणजे कडधान्य. शास्त्रात मात्र बीजात दोन दलं असलेली वनस्पती ती द्विदल, म्हणून आंबा, कापूस, सूर्यफूल हेही द्विदलच.

जुन्या पुस्तकात 'लेग्युमिनोजी' आणि नव्यात 'फॅबेसी' दिसलं म्हणून दोन कुळं मानू नका. कूळ एकच, दोन्ही नावं नियमाने ग्राह्य. पहिल्याच्या मुळाशी लॅटिन 'लेग्युमेन' आहे आणि त्याचा संबंध बहुधा 'वेचणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. दुसरं आलं 'फाबा' नावाच्या शेंगभाजीवरून.

आयुर्वेद वाचणाऱ्यांची एक खास चूक. चरकसंहितेतला 'शमीधान्य' वर्ग म्हणजे शमीच्या झाडाचं धान्य नव्हे. इथे शमी म्हणजे शेंग. त्या वर्गात मूग-उडदाबरोबर तीळही आहे, आणि तिळाचं फळ तर बोंड! तेव्हा शमीधान्य म्हणजे शिंबावंत असं सरसकट समीकरण मांडू नका. दसऱ्याची शमी आणि आपटा ही झाडं मात्र खरोखरच या कुळातली. शमीच्या कोवळ्या शेंगांची भाजी राजस्थानात 'सांगरी' म्हणून आवडीने खातात.