अल्बम शुक्रवारी, कॉन्सर्ट नेरूळला, घर कुडाळला

सत्तरी ओलांडलेल्या गीतकार-गायकाचा नवा अल्बम जाहीर झाला, पाठोपाठ दौऱ्याच्या तारखा आल्या आणि त्यात मुंबई दिसली, की आपण घाईघाईने तिकिटाचं अ‍ॅप उघडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्याने त्याआधी रेल्वेचं वेळापत्रक उघडावं. कॉन्सर्टचं तिकीट मिळूनही लोक अडकतात ते परतीच्या गाडीत.

मुंबईकडे जाणाऱ्या दिवसाच्या गाड्यांची गंमत अशी, की मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत या तिन्ही मुंबईला रात्रीच पोचतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाला त्यांचा काही उपयोग नाही. म्हणजे आदल्या संध्याकाळची तुतारी किंवा कोकणकन्या धरायची आणि पहाटे पनवेलला उतरायचं, कार्यक्रमाचं नवी मुंबईतलं नेरूळचं स्टेडियम तिथून जवळ पडतं. रत्नागिरीहून पहाटे सुटणारी दिवा पॅसेंजर कागदावर जमते, पण कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. क्रॉसिंगला पॅसेंजरच बाजूला उभी राहते. त्या दिवशी तिच्या भरवशावर राहू नका.

परतीच्या तिकिटात सगळ्यात जास्त लोक फसतात ते तारखेला. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला येईस्तोवर बारा वाजून गेलेले असतात. तुतारी तर दादरहून सुटतेच ००.०५ला. कार्यक्रम शनिवारी असेल तर पनवेलहून कोकणकन्येचं किंवा दादरहून तुतारीचं तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. शनिवारची तारीख टाकलीत, तर तुम्ही स्टेडियममध्ये पोचायच्या आधीच तुमची गाडी गावाला पोचलेली असेल. दुसरी गोष्ट बोर्डिंगची. तिकीट सीएसएमटीपासूनचं काढून पनवेलला चढणार असाल, तर बोर्डिंग स्टेशन आगाऊ बदलून ठेवा. नाहीतर टीसी गैरहजेरी लावून बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होते). आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते आजच करा. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला, पण कोकणच्या गाड्यांना ते काही मिनिटांत संपतं. मोठे कार्यक्रम बहुतेक हिवाळ्यात होतात आणि तेव्हाच आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरते. ती पंचांगात मिळत नाही, देवीचा कौल मिळाल्यावर जाहीर होते, आणि त्यानंतर त्या आठवड्याच्या गाड्या चाकरमान्यांनी भरून जातात. जत्रा आणि कॉन्सर्ट जवळजवळ आले, तर मुंबईहून येणाऱ्या गाडीचं तिकीट आधी काढा.

आता कॉन्सर्टचं तिकीट. कोल्डप्लेच्या जानेवारी २०२५च्या नेरूळमधल्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ला दुपारी बाराला सुरू झाली, एका खात्याला चार तिकिटांची मर्यादा होती आणि रांग लाखोंची. नाव मोठं असेल तर असंच होणार हे धरून चाला. आदल्या दिवशी अ‍ॅपमध्ये लॉगिन करून नाव, फोन, ईमेल तपासा. अ‍ॅपमधला प्रतीक्षा कक्ष उघडला की त्याच पानावर थांबून राहा. पान ताजं (रिफ्रेश) केलंत तर रांगेतला नंबर जाऊ शकतो. मोबाइलच्या रेंजवर हा खेळ खेळू नका. फायबर असलेल्या घरी बसा, आणि लाईट गेली तर राउटर चालेल अशी सोय ठेवा.

पैसे भरताना कार्डापेक्षा यूपीआय बरं, कारण कार्डाचा ओटीपी एसएमएसने येतो आणि आपल्याकडे डोंगराच्या कुशीतल्या वाडीत तो वेळ संपल्यावर येतो. यूपीआयला पिन पुरतो. पण नव्या फोनवर यूपीआय चालू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत साधारण पाच हजारांचीच मर्यादा असते, तेव्हा फोन बदलायचा तो विक्रीच्या आधी आठवडाभर. कार्डच वापरायचं असेल, तर त्यावर ऑनलाइन व्यवहार सुरू केलेत ना, ते पाहा. आसनांच्या नकाशावरच्या किमतीत बुकिंगचा आकार आणि कर धरलेला नसतो. खात्यात थोडी जास्त रक्कम ठेवा.

काही कार्यक्रमांची तिकिटं कुरिअरने घरी येतात. ‘अमुक वाडी, मु. पो. तमुक’ या पत्त्यावर कुरिअरवाला येईल याची खात्री नाही आणि पत्ता मागाहून बदलता येत नाही. डोंबिवली-विरारकडच्या भावाचा किंवा आतेचा पत्ता द्या, आणि ती मंडळी त्या दिवसांत गावाला येणार नाहीत ना, हेही विचारून घ्या.

ज्येष्ठ कलाकाराच्या बाबतीत आणखी एक हिशोब असतो. अमेरिकी गायक बिली जोएलने मे २०२५ मध्ये मेंदूच्या आजारामुळे ठरलेले सगळे कार्यक्रम रद्द केले. उलट त्याच्याच पिढीतल्या पॉल सायमनने २०१८ ला निरोपाचा दौरा केला आणि २०२५ ला तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. त्यामुळे ‘शेवटचा दौरा’ या शब्दांनी हुरळून कर्ज काढू नका आणि ‘पुढच्या वेळी बघू’ असंही म्हणू नका. कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, हॉटेलचे मिळतीलच असं नाही. खोली घ्यायची तर रद्द करता येणारीच घ्या.

अल्बमचं वेळापत्रक सोपं आहे. जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. बहुतेक वेळा आपल्याकडे गुरुवारची मध्यरात्र उलटली की तो ऐकता येतो. न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सगळीकडे एकदम सोडला, तर आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजतात. स्पॉटिफायवर ३२० केबीपीएसच्या दर्जाचं गाणं मिनिटाला सुमारे २.४ एमबी घेतं. पाऊण तासाचा अल्बम ११० एमबीच्या आत बसतो. जिथे रेंज आहे तिथे तो उतरवून घ्या. ही सोय पैसे भरणाऱ्यालाच आहे, आणि ३० दिवसांतून एकदा तरी अ‍ॅप ऑनलाइन न्यावं लागतं.

ऐकण्याआधी शफल, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) आणि ऑटोप्ले बंद करा. जुन्या पिढीचे गीतकार अजून एलपीच्या, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीच्या, हिशोबाने क्रम लावतात: एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं, पहिली बाजू संपताना वजनदार गाणं, मग दुसरीची नवी सुरुवात. पाचव्या-सहाव्या गाण्यानंतर थांबून चहा घ्या, मग पुढचं लावा. पहिल्या फेरीत शब्द वाचू नका, दुसऱ्या फेरीत समोर ठेवा. चारचौघांत ऐकायचं तर खळ्यापेक्षा पडवी बरी. उघड्या खळ्यात भिंत नसल्याने खालचे सूर विरून जातात. स्पीकर पडवीच्या भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, कोपऱ्यात मात्र नको, तिथे नुसता ढमढमाट होतो. कोबा उघडा असेल तर चटई अंथरा. जुलैत पत्र्याखाली बसणार असाल तर हेडफोनशिवाय गत्यंतर नाही.

एलपी घेणार असाल तर कोकणच्या दमट हवेत तिला बुरशी धरतेच. तबकडी उभी ठेवा, आतलं कागदी पाकीट काढून पॉलिथिनचं घाला आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या महिन्याने बदला. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा. आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना मात्र हे मिश्रण चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने विरघळतात.

कार्यक्रमाच्या आधी त्याच दौऱ्यातल्या ताज्या ध्वनिफिती ऐका. वय झालेला गायक जुनी गाणी बहुधा अर्ध्या-एका सुराने खाली उतरवतो. मूळ गाणं काळी पाचमध्ये असेल तर मंचावर काळी चार. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला हे लगेच कळतं. बाकीच्यांना गर्दीत सोबत गाताना आपलाच सूर चुकतोय असं वाटत राहतं.

जागा निवडताना मंचाला चिकटून उभं राहायचा हव्यास सोडा. आवाज सगळ्यात नेटका लागतो तो मैदानाच्या मध्यावर असलेल्या मिक्सरच्या आसपास, कारण तिथेच बसून तो जुळवलेला असतो. गायक पियानोवर बसणारा असेल तर मध्यापासून जरा डावीकडची जागा घ्या. पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं, त्यामुळे वादक आपल्या डाव्या हाताला बसतो आणि बोटं तिथूनच दिसतात. लांबच्या स्टँडमध्ये आवाज उशिरा पोचतो, १०० मीटरला जवळजवळ ०.३ सेकंद, म्हणून पडद्यावरचे ओठ आणि गाणं जुळत नाही. ते तिकिटाच्या किमतीतच धरा.

त्या दिवशी पनवेलहून हार्बर लोकलने नेरूळला उतरा आणि तिथून चालत स्टेडियम गाठा. मोठी बॅग, पाण्याची बाटली आणि बऱ्याचदा पॉवर बँकही दारावरच अडवतात. सामान नातेवाइकाकडे टाकून या. तिकिटाचा क्यूआर अ‍ॅपमध्ये दुपारीच उघडून ठेवा. स्टेडियमजवळ इतके फोन एकदम चालतात की नेट हमखास रडतं.

उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असल्याने कार्यक्रम साधारण त्या सुमाराला आटोपतो. गर्दीतून बाहेर पडून नेरूळच्या फलाटावर यायला तासभर धरा. शेवटचं गाणं ऐकूनही पनवेलला बारापर्यंत पोचता येतं, फक्त रिक्षाच्या नादी लागू नका, त्या वेळी सगळा रस्ता तुंबलेला असतो. कोकणकन्या चुकली तर मागून तुतारी आहे, पण तिचं वेगळं तिकीट लागतं. दोन्ही गेल्या तर पनवेल एसटी स्टँडवर किंवा कळंबोलीला सावंतवाडीकडे जाणारी रातराणी किंवा खाजगी स्लीपर बघा. खाजगी गाडीच्या भाड्यात घासाघीस करा, आणि गाडी तुमच्या गावात शिरते की हायवेवरच सोडते, ते चढण्याआधी विचारा.