अमेरिकन गव्हर्नमेंट घरी शिकवायचंय? पुस्तक मागवण्याआधी एवढं करा

मूल अकरावी-बारावीत आलं, आता गव्हर्नमेंटसाठी, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आणि सरकारच्या विषयासाठी, कुठलं करिक्युलम घेऊ, असं विचारलं की ओळखीतले चार जण चार नावं सांगतात आणि आपण त्यातलं एक मागवून मोकळे होतो. तसं करू नका. आधी आपल्या स्टेटचा होमस्कूलचा नियम स्वतः उघडून वाचा, कारण तो प्रत्येक स्टेटमध्ये वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये नववी ते बारावीत पार्टिसिपेशन इन गव्हर्नमेंट (सरकारी कारभारातला सहभाग) या विषयाचं अर्धं युनिट करावंच लागतं, पेनसिल्व्हेनियात सिव्हिक्स, म्हणजे नागरिकशास्त्र, सक्तीच्या विषयांत येतं, टेक्सासमध्ये गुड सिटिझनशिप (चांगलं नागरिकत्व) शिकवा एवढंच म्हटलंय, आणि न्यू जर्सीत तर होमस्कूल करतोय हे कळवायचीही सक्ती नाही. त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसच्या मैत्रिणीचं जे घेऊन भागलं ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत भागेलच असं नाही.

मग क्रेडिट, म्हणजे हायस्कूलच्या नोंदीत विषयाला मिळणारं वजन, ठरवा. हा विषय बहुतेक ठिकाणी एका सेमिस्टरचा, म्हणजे अर्ध्या क्रेडिटचा असतो आणि उरलेल्या सेमिस्टरमध्ये इकॉनॉमिक्स घेतात. अर्ध्या क्रेडिटला साधारण ६० ते ९० तास धरतात, तेव्हा वर्षभराचं जाडजूड पुस्तक आवडलं असेल तर त्यातलं काय गाळणार ते आधीच ठरवा, नाहीतर ख्रिसमसपर्यंत काँग्रेसच्याच (इथल्या संसदेच्या) धड्यात अडकून बसाल आणि कोर्टापर्यंत पोचणारच नाही.

याच वेळी मुलाला एपी (हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) द्यायचंय का हे त्याला बसवून विचारा, कारण एपीची तयारी वेगळी असते. त्यात फेडरलिस्ट १० आणि ५१, ब्रूटस १ (राज्यघटना मंजूर होतानाच्या वादातले लेख), मार्टिन ल्यूथर किंग यांचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र असे एकूण नऊ दस्तऐवज आणि सुप्रीम कोर्टाच्या ठरलेल्या केसेस नीट यायला लागतात, साधं पुस्तक घेऊन मार्चमध्ये एपी ठरवलं तर फार धावपळ होते. परीक्षा मे महिन्यात असते पण घरी शिकणाऱ्या मुलाला बसू देणारी शाळा आपली आपण शोधावी लागते, सगळ्या शाळा बाहेरची मुलं घेत नाहीत आणि शाळेकडून परीक्षेची ऑर्डर नोव्हेंबरात जाते, म्हणून फोन ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करा. ट्रान्सक्रिप्टवर (हायस्कूलच्या गुणपत्रकावर) कोर्सच्या नावापुढे एपी लिहायचं असेल तर सिलॅबस एपी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, तो पालकांनाही पाठवता येतो. एवढं नको असेल तर क्लेप ही कॉलेजचं क्रेडिट मिळवायची दुसरी परीक्षा आहे, ९० मिनिटांत १०० प्रश्न, वर्षात कधीही देता येते, फक्त मुलाच्या मनातली कॉलेजं क्लेपचं क्रेडिट देतात का ते त्यांच्या साइटवर आधी बघा.

आता पुस्तकं. सँपल चॅप्टर मागा, बहुतेक प्रकाशक देतात. माझ्या दृष्टीने खरा वेळ इथे घालवायचा. पहिल्यांदा आवृत्ती तपासा, आणि कॉपीराइटच्या वर्षावर जाऊ नका, थेट हाउसच्या (काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या) राज्यवार जागांचा तक्ता काढा. २०२० च्या सेन्ससनंतर कॅलिफोर्नियाच्या ५३ जागांच्या ५२ झाल्या आणि टेक्सासच्या ३६ च्या ३८. पुस्तकात अजून ५३ आणि ३६ असेल तर आतला मजकूर जुना आहे, सेकंडहँड घेताना तर हे नक्की बघा. मग मागची इंडेक्स उघडून पिअर्स विरुद्ध सोसायटी ऑफ सिस्टर्स ही केस शोधा. ओरेगॉनने १९२२ मध्ये मुलांना सरकारी शाळेतच घाला असा कायदा केला होता, १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो एकमताने रद्द केला. आपल्या मुलाचं शिक्षण ठरवायचा जो हक्क आपण रोज वापरतो त्याच्या मुळाशी ही केस आहे, आणि मुलाला ती माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. पुस्तकात नसेल तर ती आपण घालायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुस्तक मूळ कागद वाचायला लावतं का? की नुसता सारांश देऊन खाली रिकाम्या जागा भरा? चौदाव्या अमेंडमेंटचा (घटनादुरुस्तीचा) धडा काढा, ड्यू प्रोसेस (कायद्याची रीतसर प्रक्रिया) आणि इक्वल प्रोटेक्शनची (कायद्याचं समान संरक्षण) मूळ वाक्यं छापली आहेत का बघा आणि त्यावर मुलाला काही लिहायला सांगितलंय का तेही. नसेल तर ते पुस्तक मी घेणार नाही, कितीही सुंदर छापलेलं असलं तरी.

प्रकाशकाचा दृष्टिकोनही बघून घ्या. नॉटग्रास, अबेका यांची पुस्तकं ख्रिश्चन भूमिकेतून लिहिलेली आहेत आणि ते तसं उघड सांगतात, काही घरांना तेच हवं असतं. सेक्युलर हवं असेल तर ओपनस्टॅक्सचं कॉलेज लेव्हलचं पुस्तक फुकट आहे आणि होतकरू मुलाला ते झेपतं. आयसिव्हिक्स ही नागरिकशास्त्राची वेबसाइट, जी सुप्रीम कोर्टाच्या निवृत्त जस्टिस सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी २००९ मध्ये सुरू केली, तीही फुकट आणि छान आहे, पण हायस्कूलला ती जोडीला घ्या, तिच्यावरच सगळा कोर्स उभा करू नका.

आपल्यासारख्या नागरिकशास्त्र महाराष्ट्रात शिकलेल्या आईबाबांनी स्वतःचीही तयारी करायची. आपल्या डोक्यात संसद पक्की बसलेली असते, पंतप्रधान आणि मंत्री तिथलेच. इथे काँग्रेसचा मेंबर असताना कॅबिनेटमध्ये बसताच येत नाही. यादीत न आलेले अधिकार तिकडे केंद्राकडे जातात, इथे दहाव्या अमेंडमेंटने ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. मूल विचारणारच, तेव्हा इथल्या राज्यघटनेची सात आर्टिकल्स आणि २७ अमेंडमेंट्स सुट्टीतच एकदा त्याच्याबरोबर वाचून काढा, फार वेळ लागत नाही. घरात कुणी सिटिझनशिपच्या परीक्षेचा अभ्यास करत असेल तर दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, दोघांचंही काम होतं.

कॅलेंडरमध्ये बाहेरच्या गोष्टींना जागा ठेवा. गावच्या स्कूल बोर्डाची किंवा सिटी काउन्सिलची एक तरी मीटिंग, शक्यतो बजेटची, कारण प्रॉपर्टी टॅक्स कुठे जातो हे तिथे डोळ्यांसमोर दिसतं. बऱ्याच राज्यांत १६-१७ वर्षांची मुलं निवडणुकीच्या दिवशी पोल वर्कर (मतदान केंद्रावरचे कर्मचारी) म्हणून काम करू शकतात, काही ठिकाणी त्याला सिटिझनशिप लागते, काउंटीच्या इलेक्शन ऑफिसला विचारा आणि नोव्हेंबरसाठी उन्हाळ्यातच नाव द्या.

ऑर्डर करताना आन्सर की आणि टेस्टचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं का ते बघा, खूपदा लागतं.