परसबागेतील टोमॅटो : बगलफूट कधी खुडावी आणि कधी राहू द्यावी

सप्टेंबरमध्ये रोप टाकून ऑक्टोबरमध्ये घरच्या वाडीत लावलेला टोमॅटो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गुडघाभर वाढतो, पहिला फुलोरा धरतो आणि नेमक्या याच सुमारास पानांच्या बेचक्यांतून नव्या फुटी, म्हणजेच बगलफुटी, जोमाने बाहेर पडू लागतात. हे दिवस पश्चिम विदर्भात कापूस वेचणीचे आणि पूर्वेकडे धान कापणीचे असल्यामुळे घरातील सर्वांचे लक्ष वावराकडे असते, वाडीत आठ-दहा दिवस कोणी फिरकत नाही, आणि तेवढ्या काळात करंगळीएवढी फूट हातभर लांब फांदी होऊन बसते. म्हणून या महिन्यापासून आठवड्यातून एकदा प्रत्येक झाड वरपासून खालपर्यंत पाहण्याची सवय ठेवावी. मात्र दिसेल ती फूट खुडत सुटणे हेही तितकेच नुकसानीचे आहे. हरितगृहातील टोमॅटोला एकाच खोडावर वाढवण्याची पद्धत विदर्भातील उघड्या वाडीत जशीच्या तशी वापरल्यास फेब्रुवारीनंतर फळांवर सावली धरायला पाने उरत नाहीत.

खुडणीला हात घालण्यापूर्वी आपल्या वाडीतील वाण कोणत्या सवयीचा आहे हे पाहणे आवश्यक आहे. पुसा रुबीसारखे वाण आणि बहुतेक चेरी टोमॅटो हे अखंड वाढणारे असतात. त्यांचा शेंडा थांबत नाही, साधारण दर तीन पानांनंतर एक फुलोरा येतो आणि बगलफुटी राहू दिल्या तर झाडाची गुंतागुंतीची जाळी होते. पुसा अर्ली ड्वार्फसारखे झुडूपवजा वाण ठरावीक उंचीवर शेंड्यालाच फुलोरा धरून वाढ थांबवतात आणि त्यांचे बहुतांश उत्पादन बाजूच्या फांद्यांवरच येते. अशा झाडाच्या बगलफुटी काढणे म्हणजे पुढची फळे आपल्याच हाताने काढून टाकणे होय. त्यांच्या बाबतीत पहिल्या फुलोऱ्याखालील, जमिनीला टेकणाऱ्या फुटी तेवढ्या काढाव्यात आणि पुढे हात लावू नये. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण या दोहोंच्या मध्ये मोडतो; त्याच्या खालच्या फुटी काढून वरच्या राखणे योग्य ठरते. बियाण्याचे पाकीट हरवले असेल किंवा रोपे बाजारातून घेतलेली असतील, तर दोन फुलोऱ्यांमधील पाने मोजावीत. एक-दोन पानांनंतरच पुढचा फुलोरा येत असेल आणि शेंड्याला फुले दिसत असतील, तर झाड झुडूपवजा आहे असे समजावे.

नवख्या माणसाची खरी गफलत फूट आणि फुलोरा ओळखण्यात होते. बगलफूट ही नेहमी पान आणि खोड यांच्या बेचक्यातून, दोहोंच्या मधोमध तिरकी निघते. तिला सुरुवातीपासून बारीक, दुमडलेली पाने असतात आणि तिचा शेंडा मूळ झाडाच्या शेंड्यासारखाच दिसतो. फुलोऱ्याचा देठ पानाच्या बेचक्यातून नव्हे, तर दोन पानांच्या मधल्या खोडावरून थेट फुटतो आणि त्याच्या टोकाला पाने नसून लवदार, हिरव्या कळ्यांचा झुपका असतो. शंका असल्यास तीन-चार दिवस थांबावे. तेवढ्यात कळी आहे की पान, हे आपोआप स्पष्ट होते आणि उशिराने काहीही बिघडत नाही.

अखंड वाढणाऱ्या वाणात आपल्याकडे दोन खोडे ठेवणे सर्वांत सोयीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या फुलोऱ्याच्या लगेच खालच्या बेचक्यातून निघणारी फूट इतर सर्व फुटींपेक्षा जोमदार असते. ती दुसरे खोड म्हणून राखावी आणि तिच्या खालच्या सर्व फुटी काढून टाकाव्यात. एकच खोड ठेवल्यास फळ थोडे लवकर आणि मोठे मिळते हे खरे, परंतु संख्या घटते आणि उन्हाचे चट्टे पडण्याचा धोका वाढतो. घरच्या भाजीला मोठ्या फळाचे अप्रूप नसते, रोज चार फळे मिळत राहणे महत्त्वाचे असते. युरिया जास्त पडलेल्या झाडाला फुटी सतत आणि भराभर येतात. तिथे केवळ खुडत राहण्याने काही साधत नाही, आधी नत्राची मात्रा थांबवावी.

खुडणी सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी करावी, म्हणजे जखम दिवसभरात कोरडी पडते. ढगाळ हवेत, पावसाची झड असताना किंवा नुकतेच पाणी शिंपडलेल्या झाडावर हे काम करू नये, कारण ओल्या जखमेतून जिवाणूजन्य रोग आणि करपा सहज शिरतो. फूट दोन ते तीन इंचांची असताना बुडाशी अंगठा आणि तर्जनीत धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकवावी. ती कट्‌कन निघते आणि लहानशी, स्वच्छ जखम राहते. खाली ओढू नये, नाहीतर खोडाची साल पट्टीसारखी सोलली जाते. सहा-सात इंचांपुढे गेलेल्या फुटीला बोटांनी तोडण्याचा हट्ट धरू नये. ती धारदार कात्रीने बुडाशी बोटभर ठेवून कापावी, किंवा त्याहून बरे म्हणजे तिची दोन पाने राखून केवळ शेंडा खुडावा. ही दोन पाने उन्हाळ्यात फळांवर सावली धरतात, त्यामुळे आपल्या भागात ही दुसरी रीत अधिक उपयोगी आहे.

हातांच्या स्वच्छतेबाबत आपल्याकडे एक गोष्ट विशेष सांगावी लागते. खर्रा घोटलेल्या किंवा तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोच्या झाडाला स्पर्श करू नये. तंबाखूवरील मोझॅक विषाणू वाळवून तयार केलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि टोमॅटो त्याच कुळातील असल्याने खुडणीच्या ताज्या जखमेतून तो थेट झाडात जातो. पानांवर फिकट-गडद हिरव्या रंगाची नक्षी उमटते, झाड खुजे राहते आणि त्यावर कोणतेही औषध चालत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी हात साबणाने चोळून धुवावेत आणि काम संपेपर्यंत पुडी खिशातच राहू द्यावी. निरोगी झाडे आधी हाताळावीत व संशयास्पद झाड सर्वांत शेवटी घ्यावे. कात्री वापरत असल्यास प्रत्येक झाडानंतर ती साबणाच्या पाण्यात बुडवून पुसावी.

जवळच कपाशी असलेल्या वाडीत पांढरी माशी सहज येते आणि तिच्यामार्फत चुरडा-मुरडा हा पाने आक्रसवणारा विषाणूजन्य रोग पसरतो. अशा झाडाची पाने वाटीसारखी वर वळून लहान व पिवळसर होतात आणि शेंड्याकडे बारीक फुटींचा गुच्छ दिसतो. पुष्कळ जण त्याला बगलफुटींची गर्दी समजून खुडत बसतात व तोच हात पुढच्या झाडाला लावतात. हे झाड खुडणीने सुधारत नाही. ते मुळासकट उपटून वाडीबाहेर खोल पुरावे.

खुडणीबरोबर खालची पानेही पाहावीत. मातीला टेकलेल्या पानांवर पाण्याच्या थेंबांबरोबर उडालेल्या मातीतून करपा प्रथम चढतो, त्यामुळे पहिल्या घोसापर्यंतची जुनी पाने एका वेळी दोन-तीन अशी काढावीत आणि बुडाशी सोयाबीनचे कुटार किंवा धानाची तणस पसरावी. खुडलेला पाला तिथेच टाकू नये व गुरा-शेळ्यांनाही घालू नये, कारण टोमॅटोच्या हिरव्या पाल्यात त्यांना बाधणारे द्रव्य असते.

दोन खोडांच्या झाडाला आधार हवाच. तुराट्या त्यासाठी तोकड्या पडतात, बांबूची पाच-सहा फुटी काठी बरी. बेशरमाच्या ओल्या काठ्या फुकट मिळतात खऱ्या, परंतु त्या रोवल्या की रुजतात आणि टोमॅटोऐवजी बेशरमाचीच बाग उभी राहते. बांधणी सुतळीने किंवा जुन्या लुगड्याच्या पट्टीने सैल आठाच्या आकड्यात करावी.

नोव्हेंबर संपण्यापूर्वी काढलेली चार-पाच इंचांची निरोगी फूट वाया घालवू नये. खालची पाने काढून ती ओलसर, सावलीतल्या मातीत किंवा पाण्याच्या पेल्यात ठेवल्यास साधारण आठ-दहा दिवसांत मुळे धरते आणि संकरित वाणाचे त्याच गुणाचे रोप मिळते. ज्या झाडावर रोगाची शंकाही आहे, त्याची फूट मात्र रोपासाठी कधीही घेऊ नये.

आता खुडणी थांबवण्याविषयी, जो भाग बहुतेकांकडून राहून जातो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर बगलफुटी काढणे बंद करावे आणि शेवटच्या आठवड्यात मुख्य शेंडाही, वरच्या घोसापुढे दोन-तीन पाने ठेवून, खुडावा. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण दीड महिना लागतो, आणि मार्चच्या उत्तरार्धात पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की नव्या फुलांतील पराग निकामी होऊन फुले गळतात. त्यामुळे त्यानंतरच्या वाढीवर झाडाची ताकद खर्च होण्यात अर्थ नसतो. असलेल्या फळांना पानांची सावली मात्र लागते. उघड्या पडलेल्या हिरव्या फळाच्या पश्चिमेकडील बाजूवर पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो आणि तिथून फळ सडते.

वानरांनी शेंडा मोडला किंवा गारपिटीने झाड झोडपले, तर नियम बाजूला ठेवावा. मोडक्या भागाखालची सर्वांत वरची जोमदार बगलफूट नवा शेंडा म्हणून उभी बांधावी आणि झाड सावरेपर्यंत, म्हणजे नवी पाने पूर्ण उघडेपर्यंत, एकही फूट काढू नये.

एप्रिलमध्ये फळ झाडावर पूर्ण लाल होण्याची वाट पाहू नये. तापमान 30 अंशांच्या पुढे गेल्यावर लाल रंग नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगीच राहते. तळाशी गुलाबी छटा दिसताच फळ तोडून घरात सावलीत, हवेशीर टोपलीत एका थरात ठेवावे. चार-पाच दिवसांत ते चांगले रंगते.