ओट्याला धरून 10 सेकंद

तोल जाऊन पडू नये म्हणून भाकरी झाल्या की आमची माय स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून एका पायावर 10 सेकंद उभी राहते, मग दुसऱ्या. आधी तीन मोजेपर्यंतच डुलायची. हात सोडायची घाई मात्र नको. मग भिंतीच्या कडेने, फरशीच्या सांध्यावरून, टाचेला बोटं जोडत दहा पावलं. तोल सांभाळायचा असा सराव आठवड्यातून निदान 3 दिवस करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना सांगते. मांड्यांत बळ यायला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच-सात उठबशा.

जळगावच्या उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून झोपणाऱ्यांनी रात्री झटकन उठू नये. मिनिटभर पाय खाली सोडून बसावं. एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. आणि जिभाऊ, ती झिजलेली स्लिपर आता टाकाच!