मित्रांसाठी घरी बिअर करायची का? करायची तर कशी?

पैसे वाचतील म्हणून करणार असाल तर राहू द्या. साहित्य स्वस्त पडतं, पण बादली, नळ्या, बुचं लावायचं यंत्र, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) हे सगळं आधी विकत घ्यावं लागतं, आणि एकदा नाद लागला की गॅरेजमधलं सामान वाढतच जातं. शिवाय या कामात निम्म्याहून जास्त वेळ भांडी घासण्यात जातो. ते ज्याला चालतं, महिनाभर थांबायची ज्याची तयारी आहे आणि आपण केलेलं चार जणांना पाजण्यात ज्याला मजा वाटते, त्याने मात्र जरूर करावी.

त्याआधी कायदा बघा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मग ती विकायची असो वा फुकट पाजायची. गोव्यात दारू स्वस्त असली तरी ती गाळायला वा आंबवायला परवाना लागतोच. म्हणजे पुण्यात राहणाऱ्यांनी ताज्या बिअरसाठी सरळ मायक्रोब्रुअरी गाठावी. पुढची कृती आहे ती अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी. तिथे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला करमाफी मिळाली. एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर. सगळ्या राज्यांनी ते मान्य करायला मात्र २०१३ उजाडलं. मिसिसिपी आणि अलाबामा शेवटी आली. ब्रिटनमध्ये तर १९६३ पासूनच घरी करायला परवाना लागत नाही.

दोन गोष्टींना ही सवलत नाही. एक विक्री. ‘सगळे मिळून थोडे थोडे पैसे काढू’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे नको, कारण ती विक्री ठरू शकते. दुसरी म्हणजे ऊर्ध्वपातन. बिअर आंबवायची असते, भट्टी लावून गाळायची नसते. ‘घरची बिअर पिऊन डोळे जातील’ असं घाबरवणारा एखादा काका प्रत्येक गटात असतोच. त्याला सांगा, की विषारी दारूच्या बातम्या गाळलेल्या किंवा मिथेनॉल मिसळलेल्या दारूच्या असतात. बार्लीची बिअर बिघडली तर आंबट होते, वास मारते, फार तर मोरीत ओतावी लागते.

मित्र काय पितात ते आधी विचारा

आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोक्यात बिअर म्हणजे बर्फासारखी गार, पारदर्शक, हलकी लागर. नवख्याला नेमकी तीच अवघड. लागरचं यीस्ट १० ते १२ अंशांवर काम करतं, नंतर काही आठवडे त्याहून गार ठेवावं लागतं, म्हणजे वेगळा फ्रिज आला. एल हा बिअरचा दुसरा प्रकार; ती १८ ते २० अंशांवर होते, घरातल्या कपाटात. म्हणून पहिली बिअर पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल करा आणि मित्रांना आधीच सांगून ठेवा, की थोडी गढूळ असेल, तळाशी साका असेल, चव कडसर आणि फळांच्या अंगाने जाणारी असेल.

माझा सल्ला असा: पहिल्या खेपेला चारच लिटर करा, घरच्या घरी चाखा. पाच गॅलनची, म्हणजे साधारण ५० बाटल्यांची खेप दुसऱ्यांदा. पहिल्याच बिअरसाठी वीस माणसं बोलावली, की ती बिघडली तरी सगळ्यांना ‘वा वा’ म्हणावं लागतं.

तारीख ठरवा आणि मागे मोजा

शिजवायला एक अर्धा दिवस, आंबायला दोन आठवडे, बाटलीत फसफसायला दोन आठवडे, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. गटारीचा बेत असेल तर कालनिर्णय उघडा आणि पाच आठवडे मागे या. एक आठवडा उशीर झाला, तर बाटल्या ऐन श्रावणात तयार होतील आणि निम्मे मित्र हात जोडतील.

साहित्य

सुकं हलकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची भुकटी) ५०० ग्रॅम, कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) १४ ग्रॅम, एलचं सुकं यीस्ट अर्धं पाकीट (पाकीट ११.५ ग्रॅमचं असतं), पाणी पाच लिटर. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात, तसंच माल्टचं सुरू होतं. मोड आले की धान्यात पिष्टाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात, आणि ती साखर यीस्ट खातं. एक्स्ट्रॅक्टमध्ये हे काम आधीच उरकलेलं असतं. पुढे जाऊन अख्खी बार्ली भिजवून करणारे आहेत, पण पहिल्या दिवशी ती उस्तवार नको.

भांड्यांत आठ-दहा लिटरचं पातेलं, दोन गॅलनची झाकणाची फूड-ग्रेड बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप), सायफनची नळी, थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि ग्रॅममध्ये मोजणारा काटा.

कृती

पाणी गरम करा, गॅस बंद करून माल्ट ढवळत विरघळवा. गॅस चालू असताना टाकलं तर ते तळाला लागतं. पुन्हा उकळी आणा. पहिली उकळी दुधासारखी अचानक उतू जाते, तेव्हा तिथून हलू नका. फेस बसला की निम्मे हॉप्स टाका, तासभर झाकण न ठेवता उकळा. उरलेले हॉप्स शेवटची पाच मिनिटं राहिली की टाका. आधीचे कडवटपणा देतात, नंतरचे वास.

आता सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून पातेलं त्यात ठेवा आणि अर्ध्या तासात २० अंशांपर्यंत उतरवा. गॅस बंद झाल्यापासून त्या पाण्याला जे जे लागेल, ते निर्जंतुक हवं: बादली, झाकण, नळी, चमचा, कात्री, यीस्टच्या पाकिटाची कडासुद्धा. साबणाने घासणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं; दोन्ही करायचं. स्टार सॅनसारखं न धुता चालणारं द्रावण बरं. फेस राहिला तरी पुन्हा नळाखाली धरू नका.

बादलीत उंचावरून खळखळून ओता, यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. हायड्रोमीटरचं माप लिहून ठेवा, साधारण १.०४६ येईल. यीस्ट भुरभुरवा, झाकण लावा, एअरलॉक बसवा, अंधाऱ्या जागी ठेवा. दिवस-दीड दिवसात बुडबुडे सुरू होतील. उन्हाळ्यात घर २५ अंशांवर असेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या सोडा, कारण आंबताना बिअर स्वतःही तापते. फार गरम आंबली तर नेलपॉलिशसारखा वास येतो. आणि रोज झाकण उघडून बघू नका.

बाटल्या भरताना घाई नको

सगळ्यात जपायचं ते इथे. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटली बंद केली, तर उरलेल्या साखरेचा वायू होत राहतो आणि काच फुटते. बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने माप घ्या. दोन्ही वेळा तोच आकडा आला, आणि तो १.०१० च्या आसपास असला, तरच पुढे जा. सुरुवातीच्या मापातून शेवटचं वजा करून १३१ ने गुणलं की दारूचं प्रमाण कळतं. इथे ते ४.७ टक्क्यांच्या जवळपास येईल.

बाटलीत बिअर फसफसावी म्हणून लिटरमागे सहा ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून घ्या. साडेतीन लिटर बिअर हाती लागली तर २१ ग्रॅम. काट्यावर मोजा, चमच्याने नको. साखरेचं पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात घालून बिअर त्यावर सायफनने हळू सोडा, साका मागे राहू द्या. आता खळखळाट नको. या टप्प्यावर हवा लागली तर ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बाटल्या तपकिरी काचेच्या, बुचाच्या. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेतून उजेड जातो आणि हॉप्स कुबट वास मारू लागतात. फिरवून उघडायच्या बाटल्यांवर साधं बुच नीट बसत नाही. थोडी बिअर सोड्याच्या एका प्लास्टिक बाटलीत भरा. ती दाबून दगडासारखी लागली, की बाकीच्यांतही वायू भरला असं समजा. सगळ्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात घालून २० ते २२ अंशांवर दोन आठवडे ठेवा.

पाजताना

बाटल्या उभ्याच गार करा. ग्लास तिरका धरून एका दमात ओता आणि तळाचा बोटभर साका बाटलीतच राहू द्या. प्यायला तरी अपाय नाही, पोट मात्र गुडगुडतं. बाटलीवर तारीख आणि टक्केवारी लिहा. ग्लूटेन न चालणाऱ्याला आधीच सांगा, की ही बार्लीची आहे. २१ वर्षांखालच्यांना अजिबात नाही, आणि गाडी कोण चालवणार ते पहिली बाटली उघडण्याआधी ठरवा. न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत ठेवा, पण बिअरइतकंच मन लावून केलेलं.

रिकाम्या बाटल्या पाहुण्यांना कचऱ्यात टाकू देऊ नका. ओतल्या ओतल्या विसळून उलट्या ठेवा, कारण साका वाळला की ब्रशनेही निघत नाही.