टीव्हीवरचा ख्रिसमस प्रेमपट लिहायचाय?

जाहिरातींसकट दोन तासांचा स्लॉट, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम ८५ मिनिटं. असे चित्रपट काढणाऱ्या हॉलमार्क या अमेरिकी वाहिनीच्या धर्तीवर ती ९ अंकांत विभागा आणि जाहिरातीनंतर प्रेक्षक परत येईल अशाच जागी अंक तोडा. करिअरवाली नायिका पहिल्या १० मिनिटांत छोट्या गावात पोचून नायकाशी खटकलेली हवी. मधे झाड सजवणं, कुकीज, हुकलेलं चुंबन. पटकथा फसते ती आठव्या अंकात: अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर बेतलेला दुरावा एका फोनने मिटण्यासारखा असतो. तो नोकरीच्या किंवा गाव सोडण्याच्या निर्णयातून काढा. बर्फातले प्रसंग मोजकेच ठेवा. शूटिंग बरेचदा कॅनडात, तेही भर उन्हाळ्यात होतं. बर्फ खोटा, जाड कोटातला घाम मात्र खरा!